धातूला हायड्रोजन पाजणारा माणूस : थॉमस ग्रॅहम

डायलिसिस हा शब्द आता गावोगावी माहीत झालाय. तो रूढ केला थॉमस ग्रॅहम या शास्त्रज्ञाने, १८६१ साली. पण त्यांचं आणखी एक काम आज जगाला हवं आहे. धातूमध्ये हायड्रोजन साठवता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

ग्रॅहम यांचा जन्म १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला. वडिलांचा कापडाचा धंदा. पोराने धर्मगुरू व्हावं ही त्यांची इच्छा, पण पोराला ओढ रसायनशास्त्राची. यावरून बापलेकाचं बिनसलं. आई मात्र पाठीशी उभी राहिली. आधी ग्लासगोत शिकवून १८३७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

वायू बारीक छिद्रातून कसा निसटतो, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. हलका वायू लवकर पळतो, जड सावकाश. हा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. हायड्रोजन तर सगळ्यात हलका, त्यामुळे कोंडून ठेवायला सगळ्यात अवघड.

१८५५ मध्ये ग्रॅहम इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख झाले. एकेकाळी न्यूटनने सांभाळलेलं हे पद. तो व्याप सांभाळून त्यांनी प्रयोग चालूच ठेवले. १८६६ च्या सुमारास त्यांना दिसलं, की तापलेली भुई पाणी पिते तसा पॅलेडियम धातू हायड्रोजन पितो. स्वतःच्या आकाराच्या तब्बल ९०० पट! धातू तापवला की वायू पुन्हा बाहेर. १६ सप्टेंबर १८६९ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आज याचं महत्त्व काय? हायड्रोजन वापरला की धूर नाही, नुसतं पाणी तयार होतं. पण साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ठेवायचा तर जवळपास १२ हजार लिटरची टाकी लागते, म्हणजे पाण्याचा मोठा टँकरच. गाडीत तो हवेच्या ७०० पट दाबाने भरावा लागतो. धातूत मुरवला तर एवढ्या दाबाची गरज नाही. जर्मनीच्या काही पाणबुड्यांत तो असाच साठवतात.

अडचण एवढीच, की पॅलेडियम फार महाग. लँथेनम-निकेलचा मिश्रधातू स्वस्त पडतो, पण वजनाला जड. मॅग्नेशियम हलकं, पण त्यातून वायू काढायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. स्वस्त, हलका आणि थोड्या उष्णतेत वायू सोडणारा पदार्थ ज्याला सापडेल, तो ग्रॅहम यांचं राहिलेलं काम पुरं करेल.