बॉम्बर नव्हतंच ते विमान, तरी जंबो मजुमदार बॉम्ब टाकून परत आले

साल 1942, फेब्रुवारीचे पहिले दिवस. भारतीय हवाई दलाची नंबर 1 स्क्वाड्रन ब्रह्मदेशातल्या टांगू विमानतळावर नुकतीच उतरली होती. लगेच जपानी विमानांनी तिथं बॉम्ब टाकले. स्क्वाड्रनची विमानं लांब लांब पांगवून ठेवली होती, म्हणून वाचली.

स्क्वाड्रनचे प्रमुख होते करुण कृष्ण मजुमदार. धिप्पाड होते, म्हणून सगळे त्यांना जंबो म्हणायचे. वय 28, जन्म कलकत्त्याचा. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील व्योमेशचंद्र बॅनर्जी, 1885 मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष. नातू मात्र इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला शिकून पायलट झाला.

जंबोंनी ठरवलं, जपान्यांना उत्तर द्यायचं. टार्गेट होतं थायलंडमधलं मे हाँग सॉन. अंतर साधारण अमरावतीहून नागपूर असेल तेवढंच.

पण जायचं कशात? त्यांच्याकडे होतं लायसँडर. मुंबईकरांच्या वॉर गिफ्ट्स फंडातून आलेलं. हे विमान सैन्यासाठी टेहळणी करायला, फोटो काढायला, निरोप पोचवायला बनवलेलं. चाकं बाहेरच लटकलेली, वेग कमी. जपानी फायटर मागे लागलं तर पळून सुटण्याची आशाच नाही. त्याच विमानाला जुगाड करून 250 पौंडांचे दोन बॉम्ब लावले.

अशा वेळी जीव वाचवतो एस्कॉर्ट. बॉम्बवाल्या विमानाची नजर खाली जमिनीवर असते, आकाश सांभाळायचं काम सोबतच्या फायटरचं. जंबोंसोबत ब्रिटिश हवाई दलाची दोन बफेलो विमानं निघाली. तीही काही फार भारी नव्हती, जपानी फायटरपुढे कमीच पडायची. जंबो खालून उडत गेले, तळावर बॉम्ब टाकले आणि सुखरूप परतले.

दुसऱ्या दिवशी अख्खी स्क्वाड्रन घेऊन ते पुन्हा तिथंच गेले.

तोवर भारतीय पायलट खऱ्या युद्धात टिकतील का, यावर अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांचा भरवसा नव्हता. त्याच वर्षी जंबोंना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. भारतीय हवाई दलात ते मिळवणारे ते पहिले.

1944 मध्ये ते युरोपात गेले. फ्रान्सवर शत्रूच्या तोफांमधून खालून उडत फोटो काढायचं काम होतं. तेही करून परतले. पदक दुसऱ्यांदा मिळालं.

17 फेब्रुवारी 1945 ला लाहोरमध्ये हवाई कसरतींचा कार्यक्रम होता. समोर शत्रू नव्हता, बघायला लोक जमलेले. जंबोंचं हरिकेन तिथंच कोसळलं. तेव्हा ते 31 वर्षांचे होते.