बिल विल्सन

विल्यम ग्रिफिथ विल्सन ऊर्फ बिल विल्सन (२६ नोव्हेंबर १८९५ – २४ जानेवारी १९७१) हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (संक्षेपाने एए) या मद्यासक्तांच्या स्वयंसाहाय्य संघटनेचे अमेरिकन सहसंस्थापक होते. संघटनेच्या अनामिकतेच्या नियमानुसार ते हयातभर ‘बिल डब्ल्यू.’ या नावानेच ओळखले गेले.

पूर्वायुष्य

विल्सन यांचा जन्म व्हरमाँट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात झाला. आईवडील विभक्त झाल्यानंतर आईच्या आईवडिलांनी त्यांचा सांभाळ केला. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी असताना त्यांनी प्रथम मद्य घेतले. मूळच्या संकोची स्वभावाच्या या तरुणाला त्यातून मोकळेपणा लाभला आणि सवय जडली. १९१८ मध्ये त्यांचा लॉइस बर्नहॅम यांच्याशी विवाह झाला. पुढे न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात कंपन्यांचे विश्लेषक म्हणून त्यांनी चांगला पैसा मिळवला. मात्र १९२९ च्या मंदीने आणि मद्याने तो सर्व घालवला. दांपत्य ब्रुकलिनमध्ये लॉइस यांच्या वडिलांच्या घरी राहू लागले व संसार पत्नीच्या नोकरीवर चालू लागला.

टाउन्स रुग्णालयात ते अनेकदा दाखल झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ मद्यासक्तीला दुर्गुण न मानता आजार मानत. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना मद्यपी मित्र ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या प्रभावाने मद्यमुक्त होऊन त्यांना भेटला. डिसेंबरमध्ये रुग्णालयात विल्सन यांना प्रखर प्रकाशाचा अनुभव आला. त्यांनी तो आध्यात्मिक मानला. टीकाकार तो तेथील बेलाडोना औषधाचा परिणाम मानतात. कारण कोणतेही असो, त्यानंतर त्यांनी मद्य घेतले नाही.

ॲक्रन येथील भेट

पुढील काही महिने विल्सन यांनी अनेक मद्यपींना उपदेश केला. त्यांपैकी एकही मद्यमुक्त राहिला नाही. उपदेश थांबवून आजाराचे स्वरूप सांगावे, असे सिल्कवर्थ यांनी सुचवले.

मे १९३५ मध्ये एका व्यावसायिक कामासाठी ते ओहायोतील ॲक्रन शहरी गेले. काम फसले. हाती फारसा पैसा नव्हता आणि हॉटेलच्या दालनातून मद्यालयातील हास्यविनोद ऐकू येत होता. आपल्याला आता दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलण्याची निकड आहे, आणि ती त्याच्यापेक्षा आपल्याच बचावासाठी आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. दालनातील चर्चच्या यादीवरून त्यांनी एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. त्यांच्याकडून मिळालेल्या नावांचा पाठपुरावा करता करता ते हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचले. सायबरलिंग यांनी त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी घालून दिली. पंधरा मिनिटांसाठी आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. उपदेश ऐकण्याची त्यांना सवय होती. स्वतःची हकिकत सांगणारा मद्यपी त्यांना नवा होता. १० जून १९३५ रोजी स्मिथ यांनी शेवटचे मद्य घेतले. हाच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो.

सभा आणि संघटना

ब्रुकलिनच्या घरी मंगळवारी रात्री सभा भरू लागल्या. १९३६ मध्ये टाउन्स रुग्णालयाच्या मालकांनी विल्सन यांना पगारी नोकरी देऊ केली. घरची ओढाताण पाहता ती स्वीकारण्याची त्यांची इच्छा होती. सभेतील सदस्यांनी मात्र विरोध केला: पैसे घेऊन हे काम करू लागल्यास परस्परांतील नाते टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विल्सन यांनी ते मानले. १९३९ मध्ये ते घरही गेले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या ग्रंथातून संघटनेला नाव मिळाले. बारा पायऱ्यांचा मसुदा विल्सन यांचा होता.

आरंभी ओळखीशिवाय सभेपर्यंत पोहोचणे कठीण होते. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि न्यू यॉर्कच्या लहानशा कार्यालयात साहाय्य मागणाऱ्या पत्रांचा ढीग पडला. वर्षभरात सदस्यसंख्या सुमारे २,००० वरून ८,००० झाली. निरनिराळ्या गटांनी प्रवेशासाठी केलेले नियम कार्यालयाने मागवले, तेव्हा ते सर्व एकत्र लावल्यास कोणालाच प्रवेश मिळणार नाही असे दिसून आले. अखेर मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट ठरली. शुल्क नाही, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून. बंद सभा केवळ मद्याची समस्या असणाऱ्यांसाठी असते. खुल्या सभेस नातेवाईकही बसू शकतात. भारतात हे कार्य १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले. महाराष्ट्रात आता मराठीतूनही सभा होतात.

उत्तरायुष्य

१९४४ नंतर विल्सन यांना दीर्घकाळ नैराश्याने ग्रासले. १९५० च्या दशकात त्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली एलएसडीचे प्रयोग केले, ते अनेक सदस्यांना रुचले नाहीत. १९५५ मध्ये सेंट लुई येथील अधिवेशनात त्यांनी संघटनेची सूत्रे सदस्यांकडे सोपवली. येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्यांनी नाकारली. मद्य सुटले तरी धूम्रपान सुटले नाही आणि त्यातून फुप्फुसांचा विकार बळावला. अखेरच्या आजारात त्यांनी व्हिस्की मागितल्याचे परिचारिकांच्या नोंदींत आढळते. ती त्यांना देण्यात आली नाही. विवाहाच्या ५३ व्या वाढदिवशी मायामी येथे त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांतून त्यांचे पूर्ण नाव सर्वत्र प्रसिद्ध झाले. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही संघटना स्थापणाऱ्या लॉइस यांचे १९८८ मध्ये निधन झाले. ईस्ट डॉर्सेट येथील विल्सन यांच्या साध्या समाधिशिलेवर एएचा उल्लेख नाही.