मद्यबंदीच्या राज्यातील व्हेनिसकर हकीम

जुन्या इटालियन लाल वाइनचे आज जगभर कौतुक होते. बारोलो किंवा ब्रुनेल्लोची बाटली हाती आली की जाणकार आधी तिचे साल पाहतो. दहा-वीस वर्षे तळघरात आडव्या पडून राहिलेल्या वाइनचा तुरटपणा निवतो, रंग विटकरी होतो आणि किंमत वाढत जाते. मात्र जुनी म्हणजे मोलाची हे समीकरण वाटते तितके पुरातन नाही. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात वाइन लाकडी पिंपात राही. हवा लागून वर्षभरात ती आंबे, पुढे तिचा सिरका होई; नव्या हंगामाची वाइन बाजारात आली की जुनीचा भाव उतरे. जाड काचेची बाटली आणि घट्ट बूच रुळल्यानंतर, म्हणजे अठराव्या शतकात, वाइन मुरवण्याची कला खऱ्या अर्थाने वाढली. अशा नाजूक पेयाला आफ्रिका खंडाला वळसा घालून येणारा सागरी प्रवास मानवणारा नव्हता. त्यामुळे त्या काळी हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या इटालियन माणसाला घरची चव विसरून इथे जे मिळे त्यावर भागवावे लागे. निकोलाओ मनुची हा असाच एक इटालियन. मराठी वाचकाला तो मोगल दरबाराच्या बखरकाराच्या रूपाने परिचित आहे. पण त्याच्या आयुष्यातून मद्याचा जो धागा जातो, तो औरंगजेबाच्या राज्यकारभारावर वेगळाच प्रकाश टाकतो.

मनुचीचा जन्म १६३८चा, व्हेनिसमधला. घरची स्थिती बेताचीच होती. व्हेनिस तेव्हा भूमध्य समुद्रातील मद्यव्यापाराची मोठी पेठ. क्रीट बेटावरची गोड माल्व्हाझिया वाइन व्हेनिसच्या जहाजांतूनच दूरदूर जाई. त्याच बेटासाठी तुर्कांशी १६४५पासून सुरू झालेले युद्ध १६६९पर्यंत चालले आणि अखेर व्हेनिसने ते बेट गमावले. हे युद्ध चालू असतानाच, १६५३च्या नोव्हेंबरात, जग पाहण्याच्या ओढीने हा पोरगा एका जहाजात लपून घराबाहेर पडला. जहाजावर लॉर्ड बेलोमाँट हा इंग्रज उमराव होता. परागंदा राजा दुसरा चार्ल्स याचा वकील म्हणून तो इराणकडे निघाला होता. त्याने मुलाला पदरी ठेवले. स्मर्ना, तब्रीझ, इस्फहान अशी मजल मारत ही मंडळी शाह दुसरा अब्बास याच्या दरबारी पोहोचली. त्या दरबारात मद्याची रेलचेल होती. पुढे शिराझवरून बंदर अब्बास आणि तेथून जहाजाने १६५६च्या आरंभी सुरत असा त्यांचा प्रवास झाला. शिराझचे द्राक्षमद्य सुरतेला येई तेही याच वाटेने.

सुरतेहून दिल्लीकडे जाताना होडलजवळ बेलोमाँट अचानक मरण पावला आणि मनुची अठराव्या वर्षी परक्या मुलुखात एकटा पडला. दारा शुकोहने त्याला दरमहा ऐंशी रुपयांवर तोफखान्यात घेतले. १६५८च्या सामूगढच्या लढाईत दाराचा पराभव झाला. त्यानंतरही मनुचीने काही काळ त्याची साथ सोडली नाही. दारा संपल्यावर औरंगजेबाची चाकरी मात्र त्याने पत्करली नाही.

त्या काळातील दिल्लीत युरोपीय माणसाला द्राक्षमद्य विकत घेणे सोपे नव्हते. फ्रेंच प्रवासी बर्नियर याने या बाजाराची माहिती नोंदवली आहे. शिराझचे मद्य सुरतेस उतरल्यावर दिल्लीला पोहोचायला सेहेचाळीस दिवस लागत. कॅनरी बेटांवरचे मद्य डच व्यापारी आणत. दोन्ही इतकी महाग पडत, की किमतीच्या विचाराने चव नाहीशी व्हावी. सामान्यांच्या वाट्याला येई ती देशी गाळीव दारू, तीही लपूनछपून.

औरंगजेबाने मद्यावर कडक बंदी घातली. मनुचीने लिहून ठेवलेल्या हकिगतीप्रमाणे, बादशहा एकदा संतापाच्या भरात म्हणाला की साऱ्या हिंदुस्थानात मद्य न पिणारी दोनच माणसे आहेत: एक तो स्वतः आणि दुसरा मुख्य काझी अब्दुल वहाब. काझीबाबत बादशहाची समजूत चुकीची होती, हे मनुचीला ठाऊक होते. कारण त्या काझीला रोज मद्याची बाटली खुद्द मनुचीकडूनच जात असे. काझी ती गुपचूप रिचवी. वजीर जाफरखानाला बादशहाने या व्यसनाबद्दल टोकले, तेव्हा हातापायांत बळ उरलेले नाही आणि ते मद्यानेच येते, असे सांगून त्या वृद्धाने वेळ मारून नेली.

कोतवालाला मात्र मद्यविक्रेते शोधून प्रत्येकाचा एक हात आणि एक पाय तोडण्याचा हुकूम होता. सहा मुसलमान आणि एक हिंदू यांना ही शिक्षा झालेली मनुचीने पाहिली. हुकूम बजावणारा कोतवाल स्वतः पिणारा होता. ख्रिस्ती लोकांना शहराबाहेर कोसभरावर हलवण्यात आले. तेथे त्यांनी मद्य गाळावे, प्यावे, पण विकू नये, अशी मुभा होती. वैद्यांना या स्थलांतरातून वगळले होते. पुढे बंदी सैल होत गेली; उमराव आपापल्या वाड्यांत मद्य बनवून घेऊ लागले. एकाच अपराधासाठी गरिबाचा हात तुटे आणि काझीच्या घरी बाटली पोहोचे. मनुचीने हे लिहिले ते तटस्थ साक्षीदार म्हणून नव्हे. ती बाटली पाठवणारा तोच होता आणि त्या व्यवस्थेत त्याचेही बस्तान बसलेले होते.

शाहजहानची कन्या जहानआरा हिच्या मद्याचेही त्याने वर्णन केले आहे. तिच्यासाठी इराण, काबूल आणि काश्मीरहून द्राक्षमद्य येई. पण त्याहून सरस पेय तिच्याच महालात बने. द्राक्षमद्यात गुलाबजल आणि मोलाचे सुगंधी मसाले घालून ते गाळलेले असे. तिच्या जनानखान्यातील रुग्णांना मनुचीने बरे केले की कृतज्ञतेपोटी त्याच्या घरी त्या बाटल्या येत. पैसे मोजून न मिळणारी ही चव हकिमीने त्याला मिळवून दिली.

मधल्या काळात तो मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात होता. १६६५ साली पुरंदरच्या छावणीत छत्रपती शिवाजी महाराजांना त्याने जवळून पाहिले. युरोपातील राजांविषयी त्यांनी त्याच्याकडे केलेली चौकशी त्याने नोंदवली आहे. पुढे लाहोरमध्ये त्याने वैद्यकीत नाव कमावले. मग वांद्र्यास स्थायिक होण्याचा बेत केला. पण जहाजाच्या व्यापारात गुंतवलेली पुंजी बुडाली आणि त्याला पुन्हा उत्तरेची वाट धरावी लागली. शाहजादा मुअज्जम, म्हणजे शाहआलम, याच्या बेगमेला बरे केल्यामुळे तो शाहजाद्याचा हकीम झाला आणि १६७८च्या सुमारास त्याच्यासोबत दक्षिणेत औरंगाबादला आला.

सुरतेच्या बंदरात उतरलेला माल औरंगाबादला येण्याचा तेव्हाचा एक मार्ग नवापूर, पिंपळनेर, सटाणा, अंकाई-टंकाई, देवगाव, दौलताबाद असा होता. आज मनमाडहून निघालेली रेल्वे अंकाई, नगरसूल, रोटेगाव, लासूर स्टेशन, पोटूळ करत दौलताबादला येते, ती साधारण याच पट्ट्यातून. लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत आज कांदा आणि कापूस यांच्या गाड्या लागतात. मोगल काळात या मुलुखातून सुभ्याच्या राजधानीकडे बैलांचे तांडे जात. द्राक्ष ही काही या भूमीला परकी नव्हे. दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे चौदाव्या शतकातच इब्न बतूताने लिहून ठेवले होते. वेल इथला होता. पण व्हेनिसच्या किंवा शिराझच्या तोडीचे मद्य बनवून साठवण्याची परंपरा त्यातून उभी राहिली नाही.

औरंगाबादेत मनुचीला मान होता, वेतन होते; तरी मन रमेना. युरोपीय माणसांत जाऊन राहण्याच्या इच्छेने त्याने शाहआलमची नोकरी सोडून सुरतमार्गे १६८३ साली गोवा गाठले. त्याच वर्षी छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी करून जुवे बेट घेतले आणि पोर्तुगीज सत्ता हादरली. फार्सी बोलणारा, दरबारी रीतिरिवाज जाणणारा मनुची विजरईला उपयोगी वाटला. संभाजी महाराजांकडे आणि शाहआलमकडे बोलणी करण्यासाठी त्याला पाठवण्यात आले. या सेवेबद्दल १६८४ साली पोर्तुगीजांनी त्याला सांतियागो पंथाचा सरदार केले. तो जे औरंगाबाद सोडून आला होता, त्या शहराला २०२३पासून छत्रपती संभाजीनगर हे अधिकृत नाव मिळाले आहे.

शाहआलमच्या छावणीतून तो सहजासहजी सुटला नाही. अखेर गोवळकोंड्यामार्गे १६८६ साली तो इंग्रजांच्या मद्रासेत पोहोचला आणि एका इंग्रज विधवेशी विवाह करून स्थिरावला. उतारवयातही मद्याचा संबंध सुटला नाही. कर्नाटकचा मोगल अधिकारी दाऊदखान पन्नी विलायती मद्याचा षोकी होता. त्याची मर्जी सांभाळण्यासाठी मद्रासचे इंग्रज जे नजराणे पाठवत, त्यांत मद्याच्या बाटल्याही असत. १७०१च्या सुमारास त्याच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळात मनुची होता. बादशहाच्या बंदीला आता त्याचा सरदारच धूप घालत नव्हता.

मद्रासेत त्याने आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला. फ्रेंच जेझुइट कात्रू याने १७०५ साली त्याचा मोडतोड केलेला अवतार पॅरिसला छापला. संतापलेल्या मनुचीने आपली हस्तलिखिते व्हेनिसच्या सिनेटकडे रवाना केली. मूळ ग्रंथ नीट जगापुढे यायला दोनशे वर्षे जावी लागली. विल्यम आयर्विनचे इंग्रजी भाषांतर १९०७-०८ साली चार खंडांत निघाले. मराठीत तो ‘असे होते मोगल’ या नावाने आला. मनुची स्वतः मात्र व्हेनिसला परतला नाही. सुमारे १७१७ साली हिंदुस्थानातच त्याचा अंत झाला.

मनुची बढाईखोर होता, ऐकीव गप्पा खऱ्या मानून लिहीत असे, हे इतिहासकारांचे आक्षेप रास्त आहेत. दरबारातील कारस्थानांविषयी त्याचे प्रत्येक विधान पारखूनच घ्यावे लागते. पण त्याच्या लेखनात दरबारी तवारिखांत न सापडणारी एक गोष्ट आहे. तवारिखांत फर्मान असते. फर्मान सुटल्यानंतर कोणाच्या घरी काय पोहोचले, हे मनुची सांगतो. तोफखान्यातला गोलंदाज, जनानखान्यात प्रवेश असलेला हकीम आणि दोन सत्तांमधला वकील अशा तिन्ही भूमिकांतून त्याने सत्तेचे घर आतून पाहिले. चौकात तोडलेला हात त्याने नोंदवला आणि काझीच्या कपाटातली बाटलीही. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की त्या बंदीचा सगळा इतिहास कळतो.