तारापूरचे दुःख, वसईचा तह

बोईसरला रोज ये-जा करणाऱ्यांना तारापूर म्हटले की कारखाने आणि अणुवीज केंद्र आठवते. गावातला जुना किल्ला सहसा आठवत नाही. जानेवारी १७३९ मध्ये त्या किल्ल्याच्या तटाला सुरुंग लावले गेले आणि मराठी फौज आत शिरली. मोहिमेची सूत्रे चिमाजी अप्पांच्या हाती होती.

अप्पा म्हणजे पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ. थोरल्याचे नाव इतके गाजले की धाकट्याचे त्याच्या सावलीतच राहिले. खरे तर बाजीराव दूर मुलखात घोडदौड करत असताना घर, कर्ज, सातारचा दरबार आणि रुसलेले सरदार हे सगळे अप्पाच सांभाळत. रणांगणातही ते कमी नव्हते. १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला आणि १७३६ मध्ये कोकणात सिद्दी सातविरुद्ध, अशा दोन मोठ्या लढाया त्यांनी जिंकल्या. प्रकृती मात्र लहानपणापासून नाजूक होती. कदाचित त्यामुळेच समोरच्याला, आणि स्वतःलाही, जोखून पाऊल टाकायची सवय त्यांना लागली असावी.

ज्या पट्ट्यासाठी ही लढाई झाली, तो पोर्तुगिजांकडे कसा गेला हेही पाहण्यासारखे आहे. हुमायूनची स्वारी अंगावर आलेली असताना गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहात वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना तोडून दिला. अडचणीतल्या माणसाने केलेला तो सौदा होता. पुढे १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगीज गव्हर्नरला जहाजावर भेटून परतताना झालेल्या चकमकीत सुलतानाचा अंत झाला. दगा कोणी कोणाला दिला, यावर दोन्हीकडच्या बखरी आजही भांडतात. पुढची दोनशे वर्षे हा किनारा फिरंगाण म्हणून ओळखला गेला. धर्माच्या बाबतीत झालेल्या जाचाच्या तक्रारी पुण्यापर्यंत पोचत होत्या. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसे पेशव्यांच्या मागे लागली होती.

१७३७ मध्ये ठाणे पडले. १७३९ च्या सुरुवातीला अप्पा स्वतः उत्तरेकडे आले आणि केळवे, माहीम, शिरगाव, डहाणू ही आजच्या पालघर जिल्ह्यातली ठाणी एकामागून एक हाती आली. तारापूर मात्र सहजासहजी मिळाले नाही. आतली शिबंदी कडवेपणाने लढली आणि मराठ्यांचा बाजी भिवराव रेठरेकर तिथेच गोळी लागून पडला. पेशव्यांच्या घराला तो नोकरापेक्षा भावासारखा होता. त्या दिवसांतल्या मराठी पत्रांत त्याच्या जाण्याचे दुःख आहे, आणि विशेष म्हणजे शत्रूच्या शौर्याची कबुलीही आहे.

हे दुःख घेऊनच अप्पा फेब्रुवारीत वसईसमोर उभे राहिले. तीन महिने वेढा चालला. तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी काही वेळेवर उडाले नाहीत, काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसे गेली. मराठ्यांकडच्या मेलेल्या-जखमींचा आकडा हजारांत गेला. किल्ल्याचा सेनापती सिल्वेरा द मेनेझिस मारला गेला आणि त्याच्या जागी काएतानो द सौझा आला. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना जेमतेम मदत केली, तीही तारण घेऊन. अखेर मेच्या मध्यावर किल्ल्याने बोलणी मागितली.

अप्पांपुढचा खरा पेच इथे होता. तटाला खिंडार पडलेले, फौज चिडलेली, आणि दोन पिढ्यांचा राग बोलून दाखवणारी माणसे सोबत. आणखी एक हल्ला केला असता तर सूड पुरता झाला असता. पण पावसाळा तोंडावर होता, दारूगोळा आणि माणसे दोन्ही आटत चालली होती. आत बायका-मुले होती. जिवंत बाहेर पडण्याची खात्री नसलेली शिबंदी शेवटच्या माणसापर्यंत लढते, हे तारापूरला दिसले होते. म्हणजे किल्ला मिळायचा तर आधी शत्रूचा विश्वास मिळायला हवा होता.

१६ मे १७३९ रोजी तह झाला. शिबंदीने शस्त्रांसह, मानाने निघून जावे. ज्यांना जायचे त्यांनी कुटुंब आणि चीजवस्तू घेऊन जावे. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. निघण्यासाठी आठवडाभराची मुदत मिळाली आणि आतली माणसे गलबतांत बसून गेल्यावर मराठ्यांचे निशाण चढले.

हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये मक्का हाती आली तेव्हा पैगंबरांनी जुन्या वैऱ्यांना माफी दिली, त्याची आठवण या महिन्यात घरोघर निघते. वसईत माफी नव्हती, करार होता. दोन्ही पक्षांचा स्वार्थ त्यात होता. पण तीन महिने मरण पाहिलेल्या फौजेला त्या आठवड्यात वेशीबाहेर थांबवून धरणे हे निव्वळ हिशेबाचे काम नव्हे. दोन महिन्यांत मुंबईकर इंग्रजांनी आपला कॅप्टन इंचबर्ड अप्पांकडे बोलणीसाठी पाठवला आणि जुलैत त्यांचाही तह झाला. वसईत काय घडले हे त्यांनी जवळून पाहिले होते.

अर्थात सगळे निर्मळ नव्हते. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा लोक आजही दाखवतात. आणि घरातल्या बोलणीत अप्पांना वसईचा तोल साधला नाही. बाजीराव मोहिमेवर असताना पुण्यात मस्तानीला चौकीपहाऱ्यात ठेवले गेले, तेव्हा अप्पा पुतण्या नानासाहेबांच्या बाजूला होते. शत्रूच्या कुटुंबाला वाट देणाऱ्या माणसाला भावाच्या घरातली ही गाठ सोडवता आली नाही.

एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले. डिसेंबरात, जेमतेम तिशी ओलांडलेले अप्पाही गेले. त्यांचा मुलगा सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचा होता. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर त्याच्याहून थोडा लहान. दोघे पेशव्यांच्याच घरात वाढले आणि १७६१ मध्ये पानिपतावर एकाच बाजूने लढले. दोघांपैकी कोणीही परतले नाही.