रे. टिळक आणि दशमांशाचा प्रश्न

जवळा बाजार व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील बंधुजन आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. हळद शिजवून, वाळवून बाजारी नेली व पैसा हाती आला, म्हणजे त्याचा दहावा भाग मंडळीस देणे ख्रिस्ती मनुष्यास बंधनकारक आहे काय? नुसत्या शास्त्रवचनांचा वाद घालण्यापेक्षा, ज्यांची भजने आपण उपासनेत गातो त्या रे. नारायण वामन टिळकांचे चरित्र ह्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. आई लहानपणीच निवर्तली व वडिलांचा स्वभाव अति कडक. म्हणून पोर घराबाहेर पडले ते नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांनी त्यांस काही न घेता विद्या शिकविली. देण्यापूर्वी घेणे काय असते, हे टिळक असे शिकले. पुढे नागपुरास असता आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांस नवा करार दिला, तोही फुकटच. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्यापायी जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. ह्या सर्वांचा दहावा भाग कोणी व कसा मोजावा?

लक्ष्मीबाई परत आल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरास टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक, उपदेशक व कीर्तनकार होते. १९१२ पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग त्यांच्याकडे होता. पगार बेताचा, आणि घर मात्र सदा भरलेले. निराश्रित मुले यावीत, पाहुणे यावेत, कवी ठोंबरे, म्हणजे बालकवी, ह्यांनीही येऊन राहावे. पैसा टिळकांच्या हाती ठरत नसे. देताना उद्याचा विचार ते करीत नसत. तो लक्ष्मीबाईंस करावा लागे. त्यांची स्मृतिचित्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांस हे ठाऊकच आहे. आम्ही टिळकांचे भक्त आहो, तरी ह्या बाबतीत आमचे मन लक्ष्मीबाईंच्या बाजूस जाते. ज्याचे देणे बायकोच्या डब्यातील पिठातून होते, त्याने निदान तिला विचारावे.

येथेच दशमांशाचा उपयोग आम्हांस दिसतो. मोशेच्या नियमशास्त्रात तो लेव्यांकरिता होता, आणि लेव्यांनीही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश द्यावयाचा होता. आमच्या उपदेशक बंधूंनी हे विसरू नये. अनुवादात असेही आहे की, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून परदेशी, अनाथ व विधवा ह्यांस जेवू घालावे. नव्या करारात मात्र पौल करिंथच्या मंडळीस दहावा भाग सांगत नाही. मिळकतीप्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूस काढावे, व जे द्यावयाचे ते कष्टी न होता द्यावे, असे तो सांगतो. तेव्हा आमचे मत असे : दशमांश हा कायदा नव्हे, वळण आहे. ज्यास हिशेबाशिवाय देता येत नाही, आणि ज्यास देताना हिशेब राहत नाही, अशा दोघांसही ते उपयोगी पडते.

पूर्वी खळ्यावर बलुते मागावे लागे, त्यासारखे हे मागणे होऊ नये. पाळकाने वही घेऊन घरोघर फिरणे तर आम्हांस मुळीच मान्य नाही. ऊसतोडीस जाणारे बंधू मुकादमाकडून उचल घेतात. तिच्यावर दशमांश धरावा काय, असेही कोणी विचारतात. उचल हे कर्ज आहे, मिळकत नव्हे. ती फिटून जे उरेल त्याचा विचार करावा. काही न उरल्यास देवापुढे लाजण्याचे कारण नाही.

आता टिळकांच्या शेवटच्या वर्षांकडे वळू. हिंदी मंडळीने आपल्या पायांवर उभे राहावे, परदेशी पैशावर नव्हे, ही तळमळ त्यांस फार दिवस होती. १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला. मिशनशी वैर धरले नाही; देव व लोक देतील त्यावर राहण्याचे ठरविले, इतकेच. त्यांनी देवाचा दरबार स्थापिला व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा दिली. त्यांचा मुक्काम साताऱ्यास होता. घरच्या मंडळीस तो काळ सोपा गेला नाही.

हा क्रम दोन वर्षेही पुरता चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले व रक्षा अहमदनगरास नेण्यात आली. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट राहिले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले.