सरफोजीराजांचा संगमरवरी शोक

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये संगमरवराचे एक शिल्प आहे. मृत्युशय्येवर पडलेले जर्मन धर्मोपदेशक, त्यांचा हात हाती घेतलेला भारतीय वेशातील राजा आणि शय्येपाशी जमलेली मुले असे त्यातील दृश्य. हा राजा म्हणजे तंजावरचे मराठी नृपती सरफोजीराजे भोसले (दुसरे).

२४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेल्या सरफोजींना तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतले आणि त्याच वर्षी हे छत्र हरपले. अंतकाळी तुळजाजींनी मुलाचा सांभाळ ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ यांच्यावर सोपविला होता. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली. सरफोजींच्या वाट्याला कोंडवास आला. श्वार्ट्‌झ यांनी कंपनी सरकारपाशी त्यांची बाजू लावून धरली, त्यांना मद्रासला हलविले, शिक्षण दिले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्‌झ निवर्तले. त्याच वर्षी जूनअखेर सरफोजी गादीवर बसले. तो सोहळा पाहण्यास पालक उरले नव्हते.

राजांनी त्यांचे स्मारक लंडनच्या जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. फ्लॅक्समन यांची होमरच्या महाकाव्यांवरील रेखाचित्रे १७९३ मध्ये रोम येथे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली आणि युरोपभर गाजली. छायाप्रकाश टाळून केवळ बाह्यरेषेने आकृती उभी करणे, ही त्यांची खासियत. त्या काळच्या नवअभिजात चित्रशिल्पांत शोकाची चिन्हे ठरलेली असत : अस्थिकलशावर झुकलेली स्त्री, उलटी धरलेली मशाल, मस्तकावरून ओढलेले वस्त्र. तंजावरच्या शिल्पात शोकाचा भार खुद्द राजाची आकृती पेलते.

सरफोजींनी स्वधर्म सोडला नाही. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, तेव्हा त्यांनी आपले सामर्थ्य विद्येकडे वळविले. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. ७ मार्च १८३२ रोजी ते कालवश झाले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले.

चर्चजवळच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. जन्माने मिळालेले कूळ त्यांनी मंदिराच्या भिंतीवर नोंदविले. संगोपनाचे ऋण जवळच्याच चर्चमध्ये. राज्य गेले, हे दोन्ही दगड राहिले.