ध्रुवावर पहिला पोहोचणारा आमुंडसेन थंडीत काम करायला शिकला ते इन्युइट लोकांकडून

कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्याचा शत्रू कोण? बर्फ, वारा, बरोबर. पण घामसुद्धा. कपडे घामाने ओले झाले की ऊब धरत नाहीत आणि काम थांबलं की अंग झपाट्याने गार पडतं.

नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनने ही गोष्ट मनावर घेतली होती. जन्म १८७२ चा. १९०३ मध्ये तो सहा साथीदारांना घेऊन कॅनडाच्या उत्तरेचा सागरी मार्ग शोधायला निघाला. वाटेत किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे मुक्काम पडला. तिथल्या नेत्सिलिक इन्युइट लोकांना युरोपातले बरेच लोक तेव्हा मागासलेले समजायचे. आमुंडसेन मात्र त्यांचा विद्यार्थी झाला.

त्यांचे कपडे रेनडिअरच्या कातड्याचे. आतल्या थराची लव अंगाकडे, वरच्या थराची बाहेर, आणि सगळं ढगळ. त्यामुळे आत हवा खेळती राहते, घाम साचत नाही. कुत्र्यांची गाडी हाकणं, बर्फाचं घर बांधणं हेही तो तिथेच शिकला.

मग आलं १९११. दक्षिण ध्रुवावर पहिलं कोण, अशी ब्रिटिश कॅप्टन स्कॉटशी शर्यत लागलेली. इतकं शिकलेल्या माणसाने इथे घाई केली. वसंत नीट सुरू व्हायच्या आधीच, ८ सप्टेंबरला, आठ जण निघाले. पारा उणे ५० च्या खाली गेला आणि होकायंत्रातला द्रवसुद्धा गोठला. माघार घ्यावी लागली. परतताना तर आमुंडसेन पुढे निघून गेला आणि मागचे विखुरले. प्रेस्ट्रुडचे पाय हिमदंशाने बधिर झाले होते. त्याच्यासोबत अनुभवी योहानसेन थांबला आणि त्याला मध्यरात्रीनंतर तळावर घेऊन आला. जवळ ना अन्न, ना स्टोव्ह.

दुसऱ्या दिवशी योहानसेनने सगळ्यांसमोर नेत्याला सुनावलं. चूक नेत्याची, पण ध्रुवाच्या तुकडीतून वगळलं गेलं योहानसेनला! हे काही आमुंडसेनला शोभलं नाही.

ऑक्टोबरमध्ये हवा निवळल्यावर पाच जण पुन्हा निघाले. १४ डिसेंबर १९११ ला ध्रुव गाठला आणि २५ जानेवारी १९१२ ला पाचही जण जिवंत परतले. स्कॉट आणि त्याचे चार साथीदार मात्र परतीच्या वाटेवर गेले.

मे १९२८ मध्ये उत्तरेच्या बर्फात इटालियन हवाई जहाज कोसळलं. त्यातल्या लोकांना शोधायला ५५ वर्षांचा आमुंडसेन विमानाने निघाला. पुढे विमानाचे काही भाग सापडले, तो कधीच सापडला नाही.